वाक्यवृक्षात शोध: नोडांमधल्या रेघांच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आधी काय करायचंय ते. वहिनींची पीएचडी कोल्हापुरी बोलीवर आहे. कागल, पन्हाळा, शिरोळ भागातल्या बायकांचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड करून लिहून काढलंय आणि हजार-बाराशे वाक्यांना हाताने यूडी (युनिव्हर्सल डिपेंडन्सीज) पद्धतीची झाडं लावली आहेत, म्हणजे वाक्यातला कुठला शब्द कुणावर कोणत्या नात्याने अवलंबून ते दाखवणारी. फाइल कोनल-यू स्वरूपात: एका ओळीत एक शब्द, दहा रकाने, सातव्यात हा शब्द कुणाखाली आणि आठव्यात कोणत्या नात्याने. इकडच्या बायका ‘मी जाते’ऐवजी ‘मी जातो’ म्हणतात, ते कुठे, कुठल्या क्रियापदांसोबत, हे त्यांना शोधायचंय. सध्या एक्सेलच्या फिल्टरवर चाललंय. एका ओळीतलं काही शोधायला फिल्टर बरा, पण ‘मी’ एका ओळीत आणि ‘जातो’ दुसऱ्या ओळीत, त्यांच्यातलं नातं त्याला दिसत नाही. म्हणून शब्द आणि त्यांच्यातल्या रेघा चित्रात काढून शोधता येईल असं साधन मी बनवतोय.

तयार साधनं नाहीत असं नाही. अशा झाडांत शोधायला ग्रू-मॅच आहे, उत्तम आहे, पण त्यात क्वेरी, म्हणजे काय शोधायचं ते, टाइप करावी लागते. श्टुटगार्ट विद्यापीठात तयार झालेल्या टायगरसर्चमध्ये क्वेरी चित्रात काढायची सोय होती, कल्पना तिथूनच उचलली. वहिनींची अट एवढीच, “भावजी, मला ते कंसबिंस नकोत. बाण ओढता आला पाहिजे.”

ब्राउझरमध्ये एसव्हीजीचा (रेघा-आकारांच्या चित्रांचा) कॅनव्हास, मागे पायथन आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस. चाचणीसाठी यूडीवरची मराठी ट्रीबँक (झाडं लावलेल्या वाक्यांचा संग्रह) घेतली, ४६६ वाक्यांची. वहिनींचा डेटा चालू कामाचा आहे, त्याच्याशी सुरुवातीला खेळायला नको.

७ जून

नोड, म्हणजे एकेका शब्दाचा चौकोन, काढणं तासाभरात झालं. रेघेने मात्र दोन दिवस खाल्ले.

रेघ एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत काढली, तर बाणाचं टोक दुसऱ्या चौकोनाखाली लपतं. चौकोनाच्या कडेला रेघ कुठे छेदते ते काढून तिथेच थांबवावी लागते. नंतर कळलं की ओढलेली रेघ पुन्हा निवडताच येत नाही. दोन पिक्सेलच्या रेघेवर माउस नेमका बसवायला घड्याळजीचा हात पाहिजे. प्रत्येक दिसणाऱ्या रेघेवर चौदा पिक्सेल रुंदीची पारदर्शक रेघ घातली आणि क्लिक तिने झेलायचा असं केलं. इथे एक खाच आहे: रंग ‘नन’ दिला तर रेघ क्लिक झेलत नाही, ‘ट्रान्सपरंट’ दिला तर झेलते.

झूम केल्यावर रेघेचं टोक माउसपासून वीतभर लांब पळत होतं. माउसचे आकडे पडद्याचे, रेघेचे आकडे कॅनव्हासचे. कॅनव्हासचे आकडे पडद्याच्या आकड्यांत बदलणारा गेट-स्क्रीन-सीटीएम मॅट्रिक्स उलटा करून माउसचे आकडे त्यातून काढले, भागलं. हाताने झूमचा गुणाकार-भागाकार करत बसू नका. कॅनव्हास सरकवला की तो हिशेब कोलमडतो.

११ जून

नोडवरचं अक्षर चौकोनाबाहेर सांडत होतं, कधी उलट चौकोन लांबलचक आणि आत एकच अक्षर. रुंदी मी अक्षरसंख्येवरून काढत होतो. ‘स्त्री’ पडद्यावर एक जोडाक्षर दिसतं, संगणकाच्या लेखी सहा वर्ण. देवनागरीत अक्षरं मोजून रुंदी निघत नाही, पडद्यावर काढूनच मोजावी लागते. ते केलं तरी पान पहिल्यांदा उघडल्यावर मापं चुकायची, कारण मुक्ता फॉन्ट उतरायच्या आत मोजणी होऊन जायची. डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडीची (फॉन्ट आल्याच्या ब्राउझरच्या इशाऱ्याची) वाट बघून मोजलं की बरोबर येतं.

शाहूपुरीतून जुना टॅब घेतला होता, साडेसहा हजारांना. वहिनी बोटाने बाण ओढतील असं डोक्यात होतं. बोटाखाली रेघच दिसत नाही. टॅब आता पुतण्याकडे.

१५ जून

वहिनींना पहिल्यांदा बसवलं. त्यांनी ‘मी’ काढला, ‘क्रियापद’ काढलं, ‘मी’वरून क्रियापदाकडे बाण ओढला, नातं निवडलं कर्ता. निकाल शून्य.

यूडीत बाण मुख्य शब्दाकडून आश्रित शब्दाकडे जातो, म्हणजे क्रियापदाकडून ‘मी’कडे. वहिनींनी उलट ओढला आणि त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही: “कर्ता करतो ना? मग बाण त्याच्यापासनंच निघणार की.” साधनाने मात्र ‘मी’ला मुख्य धरलं आणि त्याचा कर्ता म्हणून क्रियापद शोधलं.

पहिला विचार आला की नात्यावरून दिशा आपोआप फिरवावी. दोन्ही टोकांना नाम असलं की तो अंदाज फसतो. उलट्या दिशेला इशारा द्यावा, तर लोक इशारे वाचत नाहीत. शेवटी वेगळंच केलं. रेघ ओढली की कॅनव्हासखाली तिचं सरळ मराठी वाक्य उमटतं: “क या शब्दाचा कर्ता ख आहे.” शेजारी ‘उलटा करा’ असं बटण. वहिनींनी “‘मी’ या शब्दाचा कर्ता क्रियापद आहे” असं वाचलं आणि स्वतःच उलटा केला.

या खालच्या ओळीला फक्त ‘वाचन’ म्हणतोय. घालताना वाटलं नव्हतं, पण पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण तिथेच पकडली गेली. हे काम कुणी करणार असाल तर वाचन पहिल्या दिवशी घाला, झूमबिम नंतर.

नात्यांच्या यादीबद्दल दोन शब्द. यूडीच्या दुसऱ्या आवृत्तीत ३७ नाती आहेत. सगळी दाखवली की माणूस यादीतच हरवतो. आता फक्त डेटात प्रत्यक्ष आलेली नाती दिसतात, जास्त वापराची वर.

१९ जून

“भावजी, मी ‘मी’ डावीकडं ठेवलाय. मग ‘जातो की मी’ कसं काय आलं?”

कॅनव्हासवर कुठला चौकोन डावीकडे आहे याला माझ्या लेखी अर्थ नव्हता. बघणाऱ्याच्या लेखी आहे, वाक्य आपण डावीकडून उजवीकडेच वाचतो. म्हणून जागेला अर्थ देऊन पाहिला: डावीकडचा नोड म्हणजे वाक्यात आधीचा शब्द. संध्याकाळपर्यंत कळलं की हे चालणार नाही. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून एक चौकोन जरा सरकवला की निकाल बदलायचे आणि का बदलले ते कुणालाच कळायचं नाही. दोन नोडांचा क्रम कसाही चालेल असं सांगायचं असेल, तर ते कसं काढणार? एकावर एक ठेवून? सगळं काढून टाकलं.

आता जागेला काहीही अर्थ नाही. क्रम हवा असेल तर क्रमाची वेगळी रेघ ओढायची. तिचे दोन प्रकार, ‘लगेच नंतर’ आणि ‘नंतर कधीही’. ‘लगेच नंतर’मध्ये स्वल्पविराम आडवा येतो, कारण झाडात तोही एक नोडच असतो. विरामचिन्हं वगळून मोजायचा पर्याय दिला आणि तोच मुळात चालू ठेवला.

२७ जून

‘खाली कुठेही’ ही रेघ. थेट आश्रित नव्हे, तर नातवंडं-पतवंडं धरून. प्रत्येक वेळी झाड चढत बसणं मंद पडतं, म्हणून शॉर्टकट घेतला: प्रत्येक नोडच्या कुटुंबातला सर्वांत डावा आणि सर्वांत उजवा शब्द नोंदवायचा, आणि दुसरा शब्द त्या दोघांच्या मध्ये पडला तर तो खालचा. चाचणीला घेतलेल्या वाक्यांवर झकास चाललं. वहिनींच्या डेटावर पहिल्याच दिवशी आपटलं.

वाक्य होतं: “मला गोष्ट सांग राजाची.”

‘गोष्ट’ दुसरा शब्द, ‘सांग’ तिसरा, ‘राजाची’ चौथा. ‘राजाची’ हा ‘गोष्ट’खाली. म्हणजे ‘गोष्ट’चं कुटुंब दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत, आणि मध्ये कोण, तर ‘सांग’. साधन म्हणालं, ‘सांग’ हा ‘गोष्ट’खाली येतो. प्रत्यक्षात ‘गोष्ट’च ‘सांग’चं कर्म. लेक बापाची आई झाली.

क्रियापद झाल्यावर आठवलेला शब्द मागून जोडायची सवय बोलण्यात भरपूर, त्यामुळे रेघा एकमेकींना छेदतात आणि कुटुंबं सलग राहत नाहीत. उपाय जुना, पुस्तकी आणि बिनचूक आहे. मुळापासून झाड फिरताना प्रत्येक नोडमध्ये शिरताना एक क्रमांक द्यायचा, त्याची सगळी पोरं संपवून बाहेर पडताना दुसरा. जो तुमच्या आधी शिरला आणि तुमच्या नंतर बाहेर पडला तो तुमचा पूर्वज. वाक्यातल्या जागेचा यात संबंधच नाही. एसक्यूलाइटमध्ये दोन जादा रकाने आणि दोन तुलना, एवढ्यावर काम होतं.

२ जुलै

रेघांचे प्रकार चार झाले आणि सगळ्या काळ्या. रंग दिले, पण वहिनींचे सर प्रिंट काढून वाचतात, काळ्या-पांढऱ्या. उद्यमनगरात कॅडवर ड्रॉइंग करणारा मित्र आहे, त्याला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, “भावा, आमच्याकडं न दिसणारी कड तुटक रेघेनं काढतात, मध्यरेषा रेघ-टिंब-रेघ. रंगावर भरवसा ठेवतच नाही कोण.”

त्याचंच घेतलं. थेट नातं सलग रेघ. ‘खाली कुठेही’ तुटक, कारण मधले नोड दिसत नाहीत. क्रम टिंबांचा. दोन नोडांमध्ये दोन रेघा असल्या की दुसरी आपोआप वक्र होते. आधी त्या एकमेकींवर बसायच्या आणि नातं एकच आहे असं वाटायचं.

८ जुलै

नकार. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर.

वहिनींना हवं होतं: ज्याला कर्ताच नाही असं क्रियापद. मराठीत कर्ता गाळणं रोजचंच. मी रेघेवर फुली मारायची सोय दिली: क्रियापदाकडून नामाकडे कर्त्याचा बाण, त्यावर फुली. निकालात जवळजवळ सगळा डेटा आला. पहिलंच वाक्य “आईने भाकरी केली”. इथे कर्ता ढळढळीत आहे.

साधन चुकलं नव्हतं. फुलीचा अर्थ त्याने घेतला, ‘असं एक नाम आहे जे या क्रियापदाचा कर्ता नाही’. आहे ना, ‘भाकरी’. ती कर्म आहे, कर्ता नाही, म्हणजे अट पुरी झाली. वहिनींना म्हणायचं होतं, ‘असं एकही नाम नाही जे याचा कर्ता आहे’. ही अडचण काही माझीच नाही. टायगरसर्चच्या क्वेरीभाषेतही प्रत्येक नोड ‘असा एक तरी आहे’ याच अर्थाने घेतला जातो आणि रेघेवरचा नकार तो अर्थ बदलत नाही. ग्रू-मॅचने नकाराला वेगळा भागच दिलाय: मुख्य आकृती एकीकडे, काय नसावं ते दुसरीकडे.

फुली काढून टाकली. त्याजागी नकाराची चौकट: ती काढायची, आत जे ठेवाल ते वाक्यात असता कामा नये. क्रियापद बाहेर, कर्ता चौकटीत, रेघ चौकटीची कड ओलांडून आत जाते. ज्या रेघेचं एक टोक आत आहे ती रेघ चौकटीची. वाचन आता असं येतं: “क हे क्रियापद आहे, आणि त्याला एकही कर्ता नाही.”

तासाभराने पुढचा प्रश्न उभा. कर्ताही नको आणि कर्मही नको, तर दोन्ही एकाच चौकटीत टाकायचे का? एका चौकटीत टाकले की अर्थ होतो, दोन्ही *एकत्र* असू नयेत. नुसता कर्ता असला तर चालतो. दोन वेगळ्या चौकटी केल्या की दोन्हींपैकी कुठलाच चालत नाही. वहिनींना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि लगेच एकाच चौकटीत दोन्ही टाकले. वाचन बघितल्यावर म्हणाल्या, “हां, हे ‘दोन्ही एकदम’ म्हणतंय. मला तसं नको.” मी गप्प बसलो होतो, काम वाचनानेच केलं.

१५ जुलै

जुळणीची रेघ. दोन शब्दांचं लिंग किंवा वचन एक असलं पाहिजे, एवढंच ती सांगते. ‘आईने आंबा खाल्ला’, ‘आईने पोळी खाल्ली’: क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं, ते पकडायला ही हवीच. दिशा नसल्यामुळे बाण नाही. रेघ-टिंब-रेघ मित्राच्या यादीत शिल्लक होती, ती दिली.

निकालात ‘लगेच’ आणि ‘आणि’ यांचं लिंग जुळतंय असं आलं. दोघांनाही लिंग नाही. पायथनमध्ये नसलेली गोष्ट आणि नसलेली गोष्ट समान निघते. तीच तुलना एसक्यूलाइटमध्ये केली असती तर तिथे नल (रिकामी किंमत) आणि नल समान धरत नाहीत. मी अर्धं काम इथे, अर्धं तिथे करत होतो, म्हणून एकच क्वेरी दोन रस्त्यांनी दोन उत्तरं देत होती. आता जुळणी म्हणजे दोन्हीकडे किंमत असली पाहिजे *आणि* एक असली पाहिजे. तुलना सगळी एसक्यूलाइटकडे.

१९ जुलै

‘तऱ्हा’ शोधल्यावर सापडेना. डेटात काही ठिकाणी ऱ हे एकच अक्षर, काही ठिकाणी र आणि नुक्ता, काही ठिकाणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणाऱ्या) रूपात एक होतात. तिसरा होत नाही, तो हाताने बदलावा लागला. डेटा आत घेतानाच करा, शोधताना नको.

२३ जुलै

पाऊस. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललीय, शिरोळकडे फोन करून वाक्यं तपासून घ्यायची ही वेळ नव्हे. घरी बसून आकड्यांचं बघितलं.

क्रियापद आणि त्याखाली दोन बिननावाचे नोड, एवढी क्वेरी. प्रत्येक वाक्य दुप्पट मोजलं जात होतं: पहिला नोड ‘आई’वर आणि दुसरा ‘भाकरी’वर, मग उलट. तीन नोड काढले की सहापट. हा बग नाही, चित्रात दोन्ही नोड सारखेच आहेत. निकालावर आता दोन आकडे येतात, ‘वाक्यं’ आणि ‘जुळण्या’. प्रबंधात वापरायचा तो पहिला. वेगवेगळे दोन नोड एकाच शब्दावर बसायचे नाहीत, हा नियमही ग्रू-मॅचसारखाच ठेवला.

३० जुलै

मूळ प्रश्न घेतला. कर्ता ‘मी’, क्रियापद पुल्लिंगी, बोलणारी स्त्री. ‘मी’ला स्वतःचं लिंग नाही, त्यामुळे जुळणीची रेघ कामाची नव्हती. बोलणारी कोण ते कोनल-यूमध्ये वाक्याच्या वरच्या शेराच्या ओळीत असतं, झाडात नाही. त्यासाठी कॅनव्हासच्या वर ‘वाक्याची माहिती’ अशी पट्टी दिली.

निकालात ‘मी आंबा खाल्ला’सारख्यांची रांग. इथे ‘खाल्ला’ आंब्यामुळे पुल्लिंगी आहे, बोलणारी कुणीही असो. म्हणून नकाराची चौकट: आत कर्म, क्रियापदाकडून त्याला कर्माची रेघ, शिवाय लिंगाची जुळणी. दोन्ही रेघा कड ओलांडून आत. आंबेवाली वाक्यं गेली. ‘मी भाकरी करतो’ राहिलं, तसंच हवं होतं.

वहिनी यादी खालीवर करत होत्या. “त्या कागलच्या आजी कुठं गेल्या? ‘मी रोज दोनदा चहा करतो’ म्हणणाऱ्या?”

चहा पुल्लिंगी. ‘करतो’ पुल्लिंगी. योगायोगाने जुळलं आणि चौकटीने आजींना बाहेर काढलं. चहा जास्तच केला जातो आपल्याकडे, त्यामुळे गेलेली वाक्यं थोडीथोडकी नव्हती. क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं ते ‘खाल्ला’, ‘केला’ अशा पूर्ण झालेल्या क्रियेत; ‘करतो’मध्ये नाही. म्हणजे ‘क्रिया पूर्ण’ ही अट चौकटीच्या *आत* पाहिजे, आणि क्रियापद तर बाहेर आहे. क्रियापदालाच ती अट लावली तर ‘करतो’वाली सगळीच वाक्यं जातील.

५ ऑगस्ट

सावली-नोड. बाहेरचा नोड ओढून चौकटीत टाकला की तो हलत नाही, त्याची तुटक कडेची प्रत आत पडते. अक्षर तेच, शब्द तोच, फक्त तिच्यावर जादा अटी घालता येतात आणि त्या चौकटीपुरत्याच. दोन नोड एका शब्दावर बसायचे नाहीत या नियमातून सावली वगळावी लागली, नाहीतर निकाल कायम कोरा. वाचन: “असं नसावं: ख ची क्रिया पूर्ण आहे, त्याला ग हे कर्म आहे, आणि ख व ग यांचं लिंग एक आहे.” आजी परत आल्या.

सर्व्हर घेतला, महिना साडेचारशे रुपये. सर आणि वहिनी दोघांना एकच दुवा. एवढ्या डेटाला सगळ्यात स्वस्त योजना पुरते.

११ ऑगस्ट

नवा कचरा: “ते म्हणाले, मी येतो.” बोलणारी स्त्री, पण शब्द नवऱ्याचे. वहिनींनी मला न विचारता दुसरी चौकट काढली: आत ‘म्हण’ हे मूळ रूप असलेला नोड, त्याच्याकडून बाहेरच्या क्रियापदाला उपवाक्याचा बाण. चाललं. पण “मी म्हणालो, मी येतो” असं स्वतःचंच बोलणं सांगणाऱ्या बायकाही त्यात गेल्या. त्या राहाव्यात म्हणून ‘म्हण’चा कर्ता ‘मी’ नसावा अशी अट हवी, म्हणजे चौकटीत चौकट.

करून पाहिलं. इंजिनला अवघड नाही, उपक्वेरीत उपक्वेरी. वाचन आलं: “असं नसावं, ज्यात असं नाही, की घ चा कर्ता ‘मी’ आहे.” वहिनींनी वाचलं, मी वाचलं, दोघांनी दोन अर्थ काढले. चौकटीतली चौकट काढून टाकली. ‘म्हण’वाली वाक्यं आता वेगळी फाइल करून उतरवता येतात, ती वहिनी हाताने लावतायत.

बाकी आहे ते: चौकटीच्या आत ‘अन्डू’ चालत नाही, आणि सावली पुसली तर तिच्या रेघा मागे लोंबकळत राहतात.